रुमालाखालचा हात

"सौदा झाला. हात देल्ला म्या. उद्यापासून फळाचा तोडा लागते." उत्तमकाका एवढंच बोलले आणि फोन ठेवून मोकळे झाले. मी वर्गाबाहेर व्हरांड्यात, हातात खडू. आत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची पोरं कुजबुजत होती, आणि फळ्यावर माझ्याच अक्षरात मोठ्ठं लिहिलं होतं, कॉन्ट्रॅक्ट. त्याच्या खाली, फ्री कन्सेंट. म्हणजे मोकळ्या मनानं दिलेला होकार; धाकानं नाही, फसवून नाही, भीड घालूनही नाही. हे मी आत्ताच सांगून आले होते, चांगला आवाज चढवून सांगून आले होते. आणि तिकडे चांदूर बाजारच्या अलीकडे, आमच्या गावात, माझ्या नावावरच्या संत्र्याच्या बगीच्याचा सौदा होऊन गेला होता आणि मला कोणी साधं विचारलंही नव्हतं. मी उलट फोन लावला. "काका, मला विचारलं का नाही?" "त्यात इचाराचं काय हाय व पोरी? दरसाल मीच देतो ना हात." आवाजात राग नव्हता, लपवाछपवी नव्हती, उलट काका बुचकळ्यातच पडले होते. तेच मला झोंबलं. माणूस रागावला तर त्याच्याशी भांडता येतं. ज्याला आपण काही केलं असं वाटतच नाही त्याच्याशी भांडायचं कुठून?

मी आत गेले. डोकं तापलेलं होतं, पण तास अर्धा बाकी होता. शिवमनं हात वर केला. "मॅडम, सुपारी देणं कॉन्ट्रॅक्ट असते का? पिच्चरमध्ये म्हणतात ना, कॉन्ट्रॅक्ट किलिंग." वर्ग खिदळला. मी म्हटलं, नाही बाबा, काम कायद्याचं पाहिजे, खुनाचा करार कोर्टात चालत नाही. मग काय मनात आलं कोण जाणे, मी त्यांनाच विचारलं की हा शब्द घरी, गल्लीत, बाजारात कुठं कुठं ऐकता ते सांगा. एकाच्या मामाकडे रस्त्याचं कॉन्ट्रॅक्ट होतं, आणि तो रस्ता कोणता हे कळल्यावर सगळे पुन्हा हसले. एकीची बहीण दवाखान्यात कॉन्ट्रॅक्टवर नर्स होती. मागच्या बाकावरची आचल सहसा बोलत नाही, ती म्हणाली, "मॅडम, तुमी पण कॉन्ट्रॅक्टवरच हाय ना?" वर्ग तिच्याकडे वळला. पोरीला वाटलं आपलं चुकलं, तिनं ओढणी तोंडाशी नेली. "हाव, आहे ना," मी म्हटलं. खोटं काय त्यात? तासावर पैसे, मे महिन्यात काहीच नाही, जूनमध्ये पुन्हा अर्ज. आमच्या अमरावतीत या शब्दाचा अर्थ हाच झाला आहे. रस्ता कॉन्ट्रॅक्टचा म्हणजे पावसात वाहून जाणारा, माणूस कॉन्ट्रॅक्टचा म्हणजे केव्हाही काढून टाकता येणारा. जे टिकणार नाही ते कॉन्ट्रॅक्ट. आणि पुस्तकात मात्र त्याचा अर्थ असा आहे की दर वर्षी तो शिकवताना माझा आवाज थोडा कापतो. दोन माणसांनी एकच गोष्ट एकाच अर्थानं मान्य करणं. बस. ना स्टॅम्पपेपर लागतो, ना सही लागते, तोंडी झालं तरी चालतं. लागतात ती दोन माणसं, आणि दोघांनी हो म्हणायला पाहिजे. पोरं हे वाक्य लिहून घेतात, परीक्षेत जसंच्या तसं उतरवतात आणि विसरतात. मी विसरत नाही. मी दर वर्षी मनाशी शोधते की माझ्या आयुष्यात असं केव्हा झालं होतं.

बाबांच्या हातात झालं होतं, असं मला वाटतं. आमच्याकडे बगीचा विकतात तो झाडावर. फळ पिवळं व्हायच्या आधी व्यापारी येतो, झाडाझाडाखालून फिरतो, मान वर करकरून पाहतो, मग खाटेवर बसतो. मालक समोर बसतो. मालकाच्या खांद्यावरचा मोठा रुमाल दोघांच्या हातांवर टाकतात आणि रुमालाखाली बोटं बोलतात. सगळी बोटं धरली की एक भाव, दोन दाबली की दुसरा, नखावर नख टेकलं की थोडं कमी. बाजूला दहा माणसं बसलेली असोत, कोणाला काही कळत नाही. तोंडानं दोघं पाण्यापावसाचं बोलत असतात. मी लहानपणी बाबांच्या मांडीला टेकून हे पाहिलं आहे, म्हणजे रुमाल हलताना पाहिला आहे. एकदा चांदूर बाजारहून घरी येताना गर्दीच्या एसटीत बाबांनी माझा हात त्यांच्या रुमालात घेतला आणि बोटं दाबली. "सांग, केवढ्याले मांगून राहिलो?" मी काहीतरी सांगितलं. ते हसले, पुन्हा दाबली. गावाचा फाटा येईपर्यंत मला अर्धीअधिक बोटं कळायला लागली होती. मग तो खेळच झाला. संध्याकाळी अंगणात, लग्नाच्या पंगतीत, देवळात कीर्तन चालू असताना; बाबांचा हात खरबरीत, अंगठ्याला कैचीचा घट्टा, आणि त्या घट्ट्यातून येणारा आकडा. आणि एक गोष्ट त्यांनी नीट समजावली होती. "व्यापारी हात धरते, मालक हात सोडते. धरल्यानं सौदा नाही होत बेटा, सोडल्यानं होते. मनासारखं होत नाही तोवर मालकानं हात सोडाचा नाही, मंग सामनेवाला कितीबी चुळबूळ करो." आई चुलीजवळून म्हणायची, "पोरीले काय शिकवता हे? ते काय बसणार हाय खाटेवर?" बाबा म्हणायचे, "शिकू दे ना, काय बिघडते." बिघडत काहीच नव्हतं. फक्त बाईनं रुमालाखाली हात घालायचा नसतो. हे कोणी मला सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही, इतकं ते उघड होतं.

बाबा गेले त्याच्या आधी त्यांनी बगीचा माझ्या नावावर केला. सातबाऱ्यावर माझं नाव आहे, रागिणी जानराव, मधेच नवऱ्याचं नाव लागलं होतं ते मी काढून टाकलं. काकांनी तेव्हा काही कटकट केली नाही, खरं तेच सांगायला पाहिजे. बाबांच्या दुखण्यात काका रात्र रात्र बसले आहेत. पाण्याची पाळी, फवारणी, मजूर, सगळं त्यांनीच पाहिलं. आणि बहार आला की हातही त्यांनीच दिला. पहिल्या वर्षी मी रडतच होते, मला सुचलंच नाही. दुसऱ्या वर्षी सुचलं, पण आई म्हणाली, जाऊ दे. तिसऱ्या वर्षीही जाऊ दे. रुमालाखाली काय ठरलं ते काका आणि व्यापारी गोपालशेठ यांनाच माहीत, मला काका नंतर सांगायचे तो भाव. खरा असेल. खोटा असेल. मी काकांना चोर म्हणत नाही, आणि तो माझा मुद्दाही नाही. मुद्दा हा की गावात ज्याचा हात रुमालाखाली त्याचा बगीचा. मजूर त्याचं ऐकतात, व्यापारी त्याला रामराम घालतो, पाण्याच्या पाळीला त्याच्या नावानं हाक मारतात. सातबारा तलाठ्याच्या कॉम्प्युटरात पडला आहे आणि तिथंच पडून राहणार. आणखी दोन-तीन बहार असे गेले की मी अमरावतीची एक बाई, जिला दिवाळीत संत्र्याची पेटी पाठवतात.

आणि कायदा मला याहून वाईट सांगत होता. मी पोरांना पुढचा भाग समजावत होते आणि माझंच तोंड कडू होत होतं. एखाद्यानं तुम्हाला न विचारता तुमच्या नावानं करार केला तर तो तुमच्यावर बंधनकारक नाही. पण तुम्ही कळूनसुद्धा गप्प बसलात, उद्या फळ तुटू दिलंत, आलेले पैसे घेतलेत, तर तो तुमचाच करार झाला. गप्प बसणं हासुद्धा हात आहे. तीन वर्षं मी तोच देत आले होते. घंटा झाली. स्टाफरूममध्ये न जाता मी सरळ फाटकाकडे निघाले. प्राचार्यांनी जिन्यात अडवलं, "मॅडम, दुपारचा तास?" "नाही घेत." "अहो पण—" "सर, तास घेतला नाही तर पैसे मिळत नाहीत. असंच लिहिलेलं आहे ना आपल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये? मग रजा कशाची मागू?" कंत्राटी माणसाची ही एक चैन आहे, आणि मी ती त्या दिवशी पहिल्यांदा केली. बरं वाटलं.

एसटीत खिडकी मिळाली. कंडक्टरनं न विचारता अर्धं तिकीट फाडलं. सरकारनं बायकांना निम्म्यात बसवलं, काकांनी तर पूर्णच उतरवलं, असं मनात आलं आणि मी एकटीच फिस्सकन हसले, शेजारची म्हातारी सरकून बसली. वलगाव सुटलं. दोन्ही बाजूला तूर उभी होती, परतीच्या पावसानं काळी माती अजून ओली होती, मधूनच कोणाच्या वावरात सोयाबीनचा भुसा उडत होता. "हात देल्ला म्या." हे वाक्य मी याआधी ऐकलं आहे, या सुरात, याच आवाजात. तेव्हा शब्द थोडा वेगळा होता. मी एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. काका अकोल्याला कापसाच्या कामाला गेले होते आणि तिथूनच त्यांनी फोन केला, "जठारपेठेतले लोक हाय, चांगले हाय, पोरगा बँकेत हाय. शब्द देल्ला म्या." बाबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात प्रश्न होता, मला अजून वाटतं की होता. पण तो त्यांनी तोंडानं विचारला नाही, आणि मीही उत्तर दिलं नाही. बाबा, तुम्ही मला सगळी बोटं शिकवलीत, मग त्या दिवशी माझा हात का नाही धरला? एक बोट दाबलं असतं तरी मी सांगितलं असतं. मला याचा राग आहे. तुम्ही गेलात तरी आहे. पंधरवड्यात साक्षगंध म्हणजे साखरपुडा झाला. माझ्या कपाळाला कुंकू, ओटीत नारळ, पाहुण्यांच्या ताटात बुंदी, आणि काका मांडवात सगळ्यांना सांगत फिरत होते की म्या जमवलं.

शेखर वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मी लवकर निघाले असते. त्याला फक्त असं वाटायचं की सगळं ठरून गेलेलं आहे आणि मी उगीच पुन्हा पुन्हा ठरवायला बसते. नोकरी करू का, आईकडे चार दिवस राहू का, मूल आत्ताच का, प्रत्येक वेळी तो दमलेल्या चेहऱ्यानं म्हणायचा, "रागिणी, लग्न म्हणजे काय कॉन्ट्रॅक्ट आहे का, अटी सांगायला?" अकोल्याचा मे महिना, कूलरचं पाणी संपलेलं, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्या, आणि हे वाक्य. मी मनात म्हणायची, असतं तर बरं झालं असतं रे बाबा. कॉन्ट्रॅक्ट असतं तर कोणीतरी मला विचारलं असतं. त्याच्या तोंडी हा शब्द म्हणजे शिवी होती. थंड, हिशेबी, बाजारू. लोकांनाही तसंच वाटतं. प्रेमात, घरात, नात्यात करार कसला, तिथं सगळं आपोआप असतं म्हणे. आपोआप! ज्याच्या मनासारखं होत असतं त्यालाच ते आपोआप वाटतं. शेवटी अकोल्याच्या कोर्टात आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो. न्यायाधीश बाई होत्या, चष्मा नाकावर. त्यांनी विचारलं, "हे तुम्ही स्वखुशीनं करताय ना? कोणाचा दबाव नाही ना?" माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांना वाटलं मला सोडायचं नाही, त्यांनी पुन्हा विचारलं, हळू आवाजात. मी म्हटलं, "नाही मॅडम, स्वखुशीनं." मी रडले ते सुटलं म्हणून नाही आणि तुटलं म्हणूनही नाही. मला माझी मर्जी कोणीतरी पहिल्यांदा विचारली होती, आणि तीही मोडताना. त्या दिवशी शेखरनं आणि मी एकच गोष्ट एकाच अर्थानं मान्य केली. आमच्या लग्नातला तो एकुलता एक करार. बाहेर येऊन त्यानं मला उसाचा रस पाजला, आणि मी प्यायले.

फाट्यावर उतरले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. घरी आई दारातच होती, तिला काकांनी सांगितलं असणार की पोरगी फोनवर तडतडली. आईचं नाव शकुन, पण एखादी गोष्ट शुभ आहे का, असं आयुष्यभर तिला कोणी विचारलं नाही. "आली व बाई! जेवली का? काय झालं इतल्या तातडीनं?" "कुठं आहेत काका?" "बगीच्यात. गोपालशेठ आलेत, कॅरेट उतरून राहिले. तू आंधी हातपाय धू." "आई, त्यांनी मला न विचारता सौदा केला." "दरसाल तं करते ते." "दरसाल चुकलं." आईनं पदराला हात पुसले, ओले नव्हते तरी. "जाऊ दे ना, रागी. आपलं कोण हाय दुसरं? उद्या मोटर बिघडली तं कोणाले बलावशीन? तुह्या कॉलेजले?" हे तिचं जाऊ दे मी जन्मापासून ऐकते आहे. वाटणीत खडकाचा तुकडा आला, जाऊ दे. माझं लग्न काकांनी ठरवलं, जाऊ दे. मी परत आले तेव्हा शेजारणी तोंड फिरवून गेल्या, जाऊ दे. ती भित्री आहे असं नाही, एकदा तिनं बगीच्यात रानडुकराला कुऱ्हाड दाखवली आहे. डुकराच्या बाबतीत ती जाऊ दे म्हणत नाही, माणसांच्या बाबतीत म्हणते. "माय, मले नाही जाऊ द्यायचं," मी म्हटलं. मी चिडले की माझं 'मला' गळून पडतं. आईनं माझ्याकडे पाहिलं, चप्पल घातली आणि मुकाट्यानं माझ्या मागे निघाली.

बगीच्यात शिरल्याबरोबर तो वास आला. हिरव्या सालीचा, चुरगळलेल्या पानाचा, ओल्या आळ्याचा. फांद्या वाकून वाकून बांबूवर टेकलेल्या होत्या. आंबिया बहार असा लागलेला मी बाबांच्या वेळीसुद्धा पाहिला नव्हता. मी एका फांदीखाली थांबून फळं मोजायलाच लागले आणि मला ते नको होतं, मला भांडायचं होतं. कडुलिंबाखाली खाट, खाटेवर गोपालशेठ आणि काका, समोर चहाचे कप, पलीकडे गाडीतून कॅरेट उतरवणारे मजूर. काका उठलेच. "ये व पोरी! पाह्य कसा लागला माल! शेठ म्हणते असा माल या पट्ट्यात नाही." त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता. हे माणूस माझ्या झाडांवर मनापासून खूश होतं. मी एक क्षण विरघळले. मग त्यांच्या खांद्यावरचा रुमाल दिसला, घडी मोडलेला.

"काका, सौदा झाला नाही."

"म्हंजे?"

"मालकानं हात नाही दिला."

काका हसले, मग थांबले. गोपालशेठ परतवाड्याकडचे, पांढरा सदरा, बोलायला गोड. ते म्हणाले, "ताई, उत्तमरावांनी देल्ला ना. दरसालची रीत हाय आपली." "शेठ, बगीचा कोणाच्या नावावर आहे?" "नाव तुमचं हाय, मले माईत हाय. पण बोलणं तं उत्तमरावांशीच असते." "यंदापासून माझ्याशी. मला विचारल्याशिवाय झालेला सौदा मी मानत नाही, आणि हे मी आज, फळ तोडायच्या आधी सांगून राहिली. उद्या म्हणू नका की बाई गप्प होती." मजुरांचे हात थांबले. काकांचा चेहरा लाल झाला. "रागिणी, लोकांसमोर इज्जत नोको काढू माही. तुह्या बापानं मरतानी माहा हात धरून सांगतलं, बगीच्याकडे पाह्यजो म्हणे." "पाहा ना काका. पाहू नका असं कोण म्हणते? तुमच्याशिवाय हा बहार आला नसता, हे मी गावभर सांगीन. पण हात मी देईन." "अवो पण बाईमाणसानं कसा द्याचा हात?" "असा," म्हणून मी खाटेवर बसले, बाबा बसायचे त्या बाजूला, आणि हात पुढे केला.

गोपालशेठनं त्या हाताकडे असं पाहिलं, जसं काही मी पुढे केलाच नाही. वर्गात साठ पोरांसमोर मी कधी घाबरत नाही, इथं घाबरले, पण हात तसाच ठेवला. "ताई," ते म्हणाले, आवाज बारीक करून, "रुमालाखाली तुमचा हात धरू? अवो लोकं काय म्हणतीन! माह्या घरी समजलं तं जेवाले नाही भेटणार मले." मजूर हसले. काकाही हसले, सुटल्यासारखे. मी हसले नाही. "लोकांना काय खटकते शेठ? हात, का रुमाल?" "आता रुमालाखाली काय चाललं हे दिसत नाही ना कोणाले..." "मग काढा रुमाल." "आं?" "रुमालच नको. उघड्या हातानं करा. कोणाले काही म्हणाची सोयच नाही." एवढं सरळ होतं ते! मला स्वतःलाच बोलून झाल्यावर कळलं की किती सरळ होतं. मी जन्मभर समजत होते की माझ्या हातातच काही खोट आहे. खोट कापडात होती.

"उघड्यावर सौदा?" काका ओरडलेच. "सारा गाव भाव आयकीन!"

"ऐकू दे. माझी आईसुद्धा ऐकू दे."

मी मागे वळून पाहिलं नाही, पण आई तिथंच कुठंतरी उभी होती, तिच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या. गोपालशेठ व्यापारी माणूस. त्यांनी एकदा झाडांकडे पाहिलं, एकदा उतरलेल्या कॅरेटकडे, एकदा गाडीकडे. माल जाऊ द्यायचा नव्हता त्यांना. त्यांनी सदऱ्याला हात पुसला आणि माझा हात धरला. मऊ, गरम, घामेजलेला हात. माझ्याहून जास्त शेठच घाबरले होते, आणि त्यानं मला धीर आला. सवयीनं त्यांची बोटं आपोआप हलली, दोन दाबली, नखावर नख टेकलं. बापरे, बाबांच्या एसटीतलं सगळं एका झटक्यात माझ्या तळव्यात परत आलं. "हा तर मागच्या सालचाही भाव नाही शेठ," मी म्हटलं. त्यांनी चमकून वर पाहिलं. "तुमाले बोटं समजतात?" "जानरावची पोरगी हाय मी. आता बोटं पुरे, तोंडानं बोला." त्यांनी काकांकडे पाहिलं. काका रुमालाची घडी घालत होते, उकलत होते, पुन्हा घालत होते. मला त्यांची कीव आली, खरंच आली, त्या हातांना दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. पण कीव आली म्हणून मी हात मागे घेणार नव्हते.

गोपालशेठनं घसा साफ केला आणि भाव बोलले. मोठ्यानं, सगळ्यांसमोर, आमच्या बगीच्यात पहिल्यांदा. मजुरांमधला एक जण शीळ घालता घालता राहिला. मागे आईनं श्वास आत घेतला तो मला ऐकू आला. असा आकडा तिच्या कानावर कधीच पडला नव्हता, ना बाबांच्या मागे, ना ते असताना. बाबासुद्धा तिला सांगत नसत, हे मला तेव्हा कळलं, आणि ते मला लागलं. मी मान हलवली. "अजून." शेठ थोडे चढले. झाडावरून एक फळ आपोआप गळून आळ्यात पडलं, कोणी तिकडे पाहिलं नाही. "अजून, शेठ. माल तुम्हीच वाखाणला." ते पुन्हा चढले, कपाळ पुसायला त्यांना दुसरा हात लागला. "झालं ना ताई आता? सोडा." हात ओढायला लागले. मी घट्ट धरला. "सोड व पोरी," काका म्हणाले, दमलेल्या आवाजात, "चांगला भाव हाय, म्या पण इतला नसता घेतला. सोड आता." भाव चांगला होता, मलाही कळत होतं. पण तो मला कळायला पाहिजे होता, माझ्या वेळानं, माझ्या मनात उतरून. इतकी वर्षं शिकवताना मी ज्या वाक्याशी अडखळत आले त्याच्या आत मी आत्ता बसले होते. समोरचा एक, मी एक, आणि मधे काहीही झाकलेलं नाही. कोणी मला घाई करू शकत नव्हतं. शेठचा तळवा माझ्या तळव्याला चिकटला होता आणि सगळे आईकडे पाहायला लागले होते, आता तीच हिला समजावील म्हणून. मीही थांबले. तिचं ते नेहमीचं येणार, मला माहीत होतं.

आई पुढे आली, खाटेच्या कडेला माझ्याशी टेकून उभी राहिली, आणि म्हणाली, "नोको सोडू अजून."